लकलक

चाळीस मिनिटं दिली होती गाईडने.
बुखाऱ्याच्या त्या घुमटाखालच्या बाजारात
त्यातली तीस मी
हातात एक चुंबक घेऊन फिरले.
फ्रीजला चिकटवायचं. वर निळा मिनार,
मागे भलत्याच देशातल्या कारखान्याचं नाव.

ते जागेवर ठेवलं.
रेशमी रुमाल उलगडून पुन्हा घडी घातली,
विकणारीने ती मोडून स्वतःची घातली.
मातीच्या उंटाच्या पाठीवरून बोट फिरवलं,
जर्दाळू चाखला, आंबट निघाला.
नलूला यातलं काय न्यायचं?
जिच्याशी तीन वर्षं बोलणं नाही
तिच्यासाठी काही घेणं म्हणजे
माप न घेता ब्लाउज बेतणं.

कोपऱ्यावर ठोकल्याचा आवाज येत होता.
उस्तो सय्फुल्लो. ठिणग्यांनी भुवया विरळ,
एका अंगठ्याचं नख कायमचं काळं.
त्याच्यामागे भिंतभर कात्र्या,
आणि प्रत्येक कात्री एक करकोचा:
पाती म्हणजे मिटलेली लांब चोच,
बोटं घालायची ती शेपटीकडून.

"कैची?" मी विचारलं.
"कैची," तो म्हणाला,
आणि स्टूल पुढे सरकवलं,
जणू मी शेजारच्याच गल्लीतून आले होते.

मी पक्ष्यावर बोट ठेवलं. "लकलक," तो म्हणाला.
मी मान डोलावली. लकलकत तर होतीच.
तेव्हा त्याची सून, मेहरिनिसो,
चहाची किटली खाली ठेवून हसायला लागली.
लकलक म्हणजे हा पक्षी, तिने सांगितलं
शाळेतल्या अर्ध्या इंग्रजीत, उरलेल्या हातांनी.
सासऱ्यांच्या लहानपणी मिनारामिनारावर घरटी असायची.
मग तळी बुजवली. बेडूक गेले.
मग हेही गेले.
ते म्हणतात, लोखंडाचे तरी असू देत.

उस्तोने कापसाची बट पाण्यात बुडवली,
हवेत धरून कापली.
एक तंतू लोंबला नाही.
"कुणासाठी?"
"बहिणीसाठी."

त्याने कात्री परत स्वतःकडे ओढली.
बराच वेळ बोलला. मेहरिनिसोने थोडक्यात सांगितलं:
कात्री भेट देत नाहीत. नातं कापलं जातं.

"कापलेलंच आहे," मी म्हणाले, मराठीत,
चहाच्या वाटीकडे बघून.
त्याने विचारलं नाही काय म्हणाले ते.
मधली खीळ हातोडीने हलकेच ठोकली,
पाती उघडली, मिटली,
मान हलवली, खीळ जरा सैल केली,
पुन्हा उघडली.
बाहेर बसचा हॉर्न वाजत होता आणि हा माणूस
एका खिळ्याशी घुटमळत बसलेला.

मग मेहरिनिसो म्हणाली,
भेट द्यायची नाही, विकायची.
तिच्याकडून एक नाणं घ्यायचं. लहानात लहान चालेल.
पण हातावर घ्यायचं.
तिने माझा तळवा उघडून
त्यावर बोट टेकवून दाखवलं, इथे.

बसमध्ये सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या होत्या.
"अय्या, कात्री! आपल्याकडे मिळत नाहीत का?"
मिळतात, मी म्हणाले.
"पण कितीला बसली?"
एक रुपयाला,
म्हणाले, मिळाला तर.
त्यांना वाटलं मी किंमत लपवतेय.

नलूचा आता सगळा व्यवहार फोनवर.
कोथिंबिरीची जुडीसुद्धा ती खटकन फोटो काढून घेते, म्हणे.
घरात सुटं नाणं असेल का तिच्या?
देवापुढच्या वाटीत असेल,
किंवा कुठल्या जुन्या पर्सच्या अस्तरात.
शोधावं लागेल. बस म्हणावं लागेल मला, तोवर.

मी माझी पर्स उघडून पाहिली.
तळाशी एक रुपया होता,
आपला, घरून आलेला, इतके दिवस इथे निरुपयोगी.
तो तसाच राहू दिला.
माझा चालायचा नाही.